अठरा ओळी वगळल्या

"ह्या डोंगरात माणसं किती आहेत?" तक्रार विभागाच्या बाईंनी विचारलं, आणि त्याला आधी प्रश्नच कळला नाही. भिंतीवरच्या पडद्यावर त्याचा आलेख होता. वीज गेल्यापासून परत येईपर्यंत किती तास लागतात, त्याच्या चोवीस महिन्यांच्या चोवीस टेकड्या. एकीच्या पायथ्यावर दुसरीचा माथा चढलेला, मागच्या फिकट, पुढच्या गडद निळ्या. असलं चित्र त्याला हुकमी जमायचं. वरिष्ठांपुढे आकड्यांचा तक्ता ठेवला की ते खिडकीबाहेर बघतात आणि डोंगररांग ठेवली की खुर्ची पुढे ओढतात, हे अकरा वर्षांच्या वीज कंपनीतल्या नोकरीने त्याला शिकवलं होतं. आताही सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या होत्या. एकट्या बाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. रोज शंभर-दीडशे लोकांच्या शिव्या फोनवरून ऐकून घेणाऱ्या त्या बाई; चित्रबित्र बघून हुरळून जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट दाखवलं. "हा खालून तिसरा. आणि हा त्याच्या मागचा. ह्यात माणसं किती, त्यात माणसं किती?" त्याने लॅपटॉपवर शोधलं. खालून तिसऱ्या महिन्यात चार तक्रारी होत्या. त्याच्या मागच्या महिन्यात सहाशे बारा.

"मग दोन्ही डोंगर एवढेच कसे?" बाई म्हणाल्या.

"प्रत्येक टेकडीचं क्षेत्रफळ सारखंच धरतात," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याचा अर्थ आता त्याच्याही कानांवर पडत नसे. "ह्यात फक्त आकार बघायचा असतो. संख्या नाही."

"अहो, पण त्या महिन्यात आमचं फोनचं यंत्रच मोडलं होतं. तीन आठवडे. लोक नंबर फिरवून फिरवून दमले, कुणाचा लागला नाही. ज्या चौघांचा लागला त्यांचा तुम्ही हा एवढा डोंगर केलात होय?" आणि मग हसून, कुणाला लागू नये अशा बेताने, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही."

सगळे हसले. तोही हसला. चूक काही जगबुडीची नव्हती. समासात प्रत्येक टेकडीशेजारी संख्या लिहिली की झालं, दोन मिनिटांचं काम. त्याने तसं सांगितलं, वरिष्ठांनी मान डोलावली आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. पण त्याला आपली मान ताठ झाल्यासारखी वाटली, झोपेत उशी सरकल्यावर होते तशी. पुढच्या विषयावर कोण काय बोललं ते त्याने ऐकलं नाही. तो पडद्यावरच्या निळ्या टेकड्यांकडे बघत होता आणि दुसरीच एक डोंगररांग, तपकिरी रंगाची, हळूहळू तिच्यावर येऊन बसत होती. ती रांग ह्या कचेरीत कुणी पाहिलेली नव्हती. ती त्याच्या आईची होती.

बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. आई तेव्हापासून त्या घरात एकटी राहते. दोन जिने, तीन खोल्या, मागच्या गॅलरीत कुंड्या. बाबांचं सगळं आटोपल्यावर तो आणि ताई पायऱ्यांवर बसून हलक्या आवाजात बोलले होते. ताई म्हणाली होती, मी नेते तिला. आईने आतून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, मला माझ्या घरातून हलवू नका, मी काय कपाट आहे का? तेव्हा त्यानेच तोड काढली. त्याच्या कंपनीत तेव्हा नवीन प्लग आले होते, जे त्यांना लावलेलं उपकरण कधी चालू झालं ती वेळ टिपून दूरवर पाठवतात. त्यातला एक त्याने आईच्या स्वयंपाकघरात बसवला आणि त्यात विजेची किटली लावली. आई पहाटेची उठणारी, उठल्याबरोबर चहा घेणारी. "किटली लागली की मला तिकडे कळेल, तू उठलीस ते," त्याने सांगितलं होतं. आईने प्लगकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." तिला हे नीट समजलं की नाही अशी तेव्हा त्याला थोडी शंका आली होती. मग ती शंकाही गेली. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला तो मागच्या महिन्याची टेकडी काढायचा: रोज सकाळी पहिल्यांदा किटली कधी लागली त्या वेळांची टेकडी. नवा महिना पुढे, जुने मागे. सहाच्या आसपास एक टुमदार उंचवटा आणि दोन्हीकडे हलका उतार. थंडीत माथा जरा उजवीकडे सरके, उन्हाळ्यात परत डावीकडे. ह्या चित्राचं त्याला समाधान होतं. ते तो कुणाला बोलून दाखवत नसे, पण होतं. अगदी आईच्या कुशीत नसलं तरी आईच्या अंगणात उभं राहिल्यासारखं काहीतरी. बायको एकदा म्हणाली होती, "एवढं करण्यापेक्षा फोन करून सरळ विचारावं की." त्यावर तो म्हणाला होता, "फोनवर माणूस खरं बोलत नाही. बरी आहे, बरी आहे, एवढंच म्हणतं. किटली खोटं बोलत नाही." ही त्याची लाडकी समजूत होती. पोटात कळ आली तरी आईच्या तोंडून दुसरं काय निघणार? तेव्हा महिन्यातून दोनदा फोन, तोही कामापुरता, आणि बाकीचं आलेख बघून घेईल, अशी त्याने मनाशी वाटणी केली होती. सोयीची वाटणी होती. सोयीच्या गोष्टींना तत्त्वाचा मुलामा द्यायला त्याला फार वेळ लागत नसे.

बैठक संपल्यावर तो आपल्या टेबलाशी आला. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं, खिडकीखालच्या रस्त्यावर कुणी तरी ट्रकमधून काचा उतरवत होतं आणि एक माणूस सारखा "सावकाश, सावकाश" म्हणत होता. त्याने आईची फाइल उघडली. कोडची पहिली ओळ नेहमीची होती: इशारे दाखवू नयेत. ही ओळ त्याच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर असायची. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला त्या म्हाताऱ्या आकडेतज्ज्ञांची ती सवय. ते म्हणायचे, यंत्र बायकोसारखं असतं, ते कुरकुरणारच, प्रत्येक कुरकुरीला थांबलास तर संसार कधी करशील? सगळे हसायचे, आणि सगळ्यांनी ती ओळ उचलली होती. आता त्याने ती खोडली. खोडताना बोट जरा घुटमळलं हे त्याला जाणवलं. मग कोड चालवला. डोंगररांग उमटली, नेहमीसारखी, तपकिरी, शांत. आणि तिच्याखाली एक तांबडी ओळ आली. अठरा ओळी वगळल्या, त्यांत मूल्य नव्हतं.

एक ओळ म्हणजे एक दिवस, आणि मूल्य नव्हतं म्हणजे त्या दिवशी किटली लागलीच नव्हती. असा दिवस आलेखात बसत नाही. किती वाजता, ह्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. मग तो दिवस बाजूला काढला जातो आणि उरलेल्या दिवसांची टेकडी तेवढ्याच मापाची, तेवढीच भरदार उभी राहते. तीस दिवसांची असो, एकोणीस दिवसांची असो, नाहीतर दोन दिवसांची. आई महिनाभर पडून राहिली असती आणि फक्त दोन दिवस उठली असती तरी त्याने एक तारखेला तिची टुमदार टेकडी काढली असती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे त्याने नवख्या लोकांना फळ्यावर काढून शिकवलेलं होतं. त्याने महिन्यांप्रमाणे मोजणी मागितली. पहिल्या अडीच वर्षांत शून्य. मग गेल्या ऑगस्टात एक. सप्टेंबरात दोन, सलग. ऑक्टोबरात चार, सलग. नोव्हेंबरात अकरा, सात तारखेपासून सतरा तारखेपर्यंत, ओळीने. डिसेंबरात शून्य. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत, शून्य. एक, दोन, चार, अकरा. ह्या आकड्यांचा चढ काय सांगतो ते कळायला आकडेतज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. पुढचं शून्य मात्र त्या चढात बसत नव्हतं, आणि त्यावर तो बराच वेळ अडून राहिला. दुखणं असं येऊन असं जातं का? की शेजारचं कुणी येऊन किटली लावून देत असेल? की ती पडली, उठली आणि आता लपवते आहे? नोव्हेंबरचे ते अकरा दिवस त्याने आठवायचा प्रयत्न केला. तो तेव्हा इथेच होता, ह्याच खुर्चीत. जेवत होता, जिना चढत होता, केस कापून आला होता. काहीही विशेष आठवेना. डिसेंबरच्या एक तारखेचं मात्र लख्ख आठवलं. नोव्हेंबरची टेकडी त्याने मोठी करून बायकोला दाखवली होती, आणि म्हणाला होता, "आईचा नोव्हेंबर बघ, काय रेखीव आलाय."

ते वाक्य आता त्याच्या अंगाला चिकटलं. तो उठला, पाणी प्यायला, परत बसला. आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याला टाळता येईना. जानेवारीत ताईने पुन्हा विषय काढला होता. तिची थोरली मुलगी शिकायला बाहेर गेली, खोली रिकामी झाली. आईला आता मी घेऊन जाते, ती म्हणाली, तू फक्त तिला समजाव, तुझं ती ऐकते. त्याने आईला काही समजावलं नाही. त्याने ताईलाच डोंगररांग पाठवली. खाली एक ओळ लिहिली, आई उत्तम आहे, चित्र बघ. ताईचं उत्तर आलं, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकू नकोस एवढंच सांगते. तरी तू खात्रीने म्हणतोस तर राहू दे. मार्चच्या मध्यापर्यंत खोली ठेवते, मग धाकट्याला देऊन टाकीन. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं होतं. मार्चची मुदत येत्या रविवारी संपत होती आणि आज शुक्रवार होता. ताईने सकाळीच विचारणा केली होती: शेवटचं सांग, आई तिथे एकटी राहू शकते ना? त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. घरी गेल्यावर नेहमीचं चित्र पुन्हा पाठवायचं, असा त्याचा बेत होता.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसस्टँडवर आला. बस सुटायला वीस मिनिटं होती. बाकावर बसून त्याने ताईला फोन लावला. "ताई, आईला घेऊन जा," तो म्हणाला.

"का रे? चित्रात काय दिसलं?"

"चित्रात दिसत नव्हतं ते." त्याने अकरा दिवसांचं सांगितलं. "नोव्हेंबरात ती उठतच नव्हती. माझ्या लक्षात आलं नाही."

"नोव्हेंबरात?" ताई म्हणाली. "अरे, मी रोज संध्याकाळी बोलते तिच्याशी. नोव्हेंबरात तिने घरातले सगळे पडदे धुतले. मला दोन दिवस तेच ऐकवत होती, कुठला पडदा किती मळला होता ते."

"फोनवर काय, ती काहीही सांगेल."

"ते पण आहे म्हणा." ताईचा आवाज जरा खाली आला. "पण मला ती आजारी म्हणून नको होती रे. ती एकटी आहे म्हणून हवी होती. ठीक आहे. रविवारी गाडी घेऊन येते. तू आज जातोच आहेस तर तूच सांग तिला. माझ्याने नाही होणार."

बस निघाली. खिडकीशेजारची जागा मिळाली. रस्त्याच्या कडेला गोदामं, मग टायरची दुकानं, मग मोकळी जमीन आणि तिच्यात अर्धवट बांधलेले खांब. आईला काय सांगायचं त्याची वाक्यं तो जुळवू लागला. आपण घाबरलो आहोत, हे त्याला कळत होतं. आणि घाबरण्याच्या आत, फार खोल नाही, थोडी सुटकाही होती, हेही त्याने स्वतःपासून लपवलं नाही. आई ताईकडे गेली की एक तारीख मोकळी होईल. काही कमी-जास्त झालं तर ते ताईच्या डोळ्यांसमोर होईल. हा विचार त्याने दुसऱ्या कुणाचा असावा तसा जरा लांब धरून पाहिला. त्याला तो फारसा वाईट वाटला नाही, आणि तेच त्याला वाईट वाटलं. शाळेत असताना आई त्याला उठवायला खोलीत येत नसे, स्वयंपाकघरातूनच मधल्या भिंतीवर लाटण्याने दोनदा ठोकायची. त्याने उत्तरादाखल आपल्या बाजूने एकदा ठोकायचं, म्हणजे तो उठला असं समजायचं. तो अंथरुणातूनच हात लांब करून ठोकायचा आणि पुन्हा झोपायचा. वर्षानुवर्षं ती फसत होती. की नव्हती? एकदा बाबा म्हणाले होते, तो झोपलाय अजून. तेव्हा आई म्हणाली होती, ठोकलं ना त्याने, झालं तर मग. ती तेव्हा हसत होती का रागावली होती, ते त्याला आता काही केल्या आठवेना. बसच्या काचेवर त्याचं कपाळ हलके हलके आपटत राहिलं आणि ते त्याने मागे घेतलं नाही.

तो पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते. दार आईनेच उघडलं. हातात कात्री, दोऱ्याचा एक तुकडा दातांत. त्याने तिला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, जिन्यावर पडलेल्या माणसाला बघतात तसं. ती सरळ उभी होती. चेहरा भरलेला. उलट तीच म्हणाली, "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?" सगळे बरे आहेत, तो म्हणाला, सहज आलो. "सहज?" आई म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. खोलीत पडदे स्वच्छ होते. खिडकीजवळ शिवायला घेतलेला उशीचा अभ्रा आणि सुई उचलून आई पुन्हा तिथेच बसली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किटली होती, प्लगमध्ये, प्लगचा हिरवा दिवा लागलेला. तिच्याकडे त्याला बघवेना. तो खुर्चीवर बसला, जुळवून आणलेली वाक्यं शोधू लागला आणि त्यांतलं एकही न सापडून त्याने एकदम विचारलं, "आई, नोव्हेंबरात तू आजारी होतीस का?"

"नोव्हेंबरात? छे. का?"

"अकरा दिवस किटली लागली नाही. सात ते सतरा."

आईने हातातला अभ्रा मांडीवर ठेवला, त्याची घडी केली, मग त्या घडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. चोरी पकडली गेल्याचा भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता. तिचं हरवलेलं काहीतरी कुणी परत आणून द्यावं तशी ती बघत होती. "लक्षात आलं म्हणायचं," ती म्हणाली. "कधी आलं?"

"आज."

"आज." तिने बोटांवर मोजलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च. "बरं."

"काय झालं होतं तुला? खरं सांग. पडली होतीस? उठवत नव्हतं?"

"अरे, पडतेय कशाला? पाचलाच उठत होते. चहा घेत होते, पडदे धुवत होते."

"किटली न लावता?"

"किटलीचा चहा मला कधी आवडलाय?" आई म्हणाली. "त्याला चव असते का? नुसत्या गरम पाण्यात पावडर बुडवायची. मी गॅसवर करते, पातेल्यात. पहिल्यापासून."

त्याला हे समजायला वेळ लागला. "मग किटली?"

"ती तुझी. माझा चहा झाला की सहाच्या सुमाराला बटण दाबते. पाणी उकळतं, आपोआप बंद होतं. गार झालं की कुंड्यांना घालते." हे तिने मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं सांगितलं. "तूच म्हणालास ना, किटली लागली की तुला कळेल मी उठले ते. म्हटलं, पोराला काळजी नको."

तीन वर्षं. बाहेर गॅलरीतल्या कुंड्या त्याला खुर्चीतून दिसत होत्या, सात की आठ. उन्हाळ्यात डावीकडे आणि थंडीत उजवीकडे सरकणारा माथा, ज्यावरून आईची झोप, तिची तब्येत, तिचं मन त्याने इतक्या हौसेने वाचलं होतं, तो तिच्या झोपेचा नव्हताच. ती रोज सकाळी त्याला हाक मारत होती आणि तो त्या हाकांची सरासरी काढत बसला होता. त्याला लाज वाटली. ती सावकाश आली, आधी कानांत, मग मानेत, आणि मग सगळ्या अंगभर राहिली.

"ऑगस्टात एकदा विसरले," आई सांगत होती. "खरोखरच विसरले. दुपारी आठवण झाली आणि जीव नुसता टांगणीला लागला, हा घाबरला असेल, कामं टाकून धावत येईल. फोनपाशीच बसले. तर तुझा फोन नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग पुढच्या महिन्यात म्हटलं, बघू या. दोन दिवस नाही लावली. मग चार. मग मला जरा हट्टच आला." ती थोडं हसली. "म्हाताऱ्या माणसाला हट्ट शोभत नाही, पण आला खरा. म्हटलं, आता त्याचा फोन आल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अकरा दिवस."

"बाराव्या दिवशी सकाळी केलास की तू. पावणेसात-सातची वेळ. मी म्हटलं, आलं बाई लक्षात. तर तू विचारलंस, शाळेचा दाखला कुठे आहे."

त्याला आठवलं. कसल्या तरी अर्जाला हवा होता. "मग?"

"मग काय? सांगितलं, कपाटात वरच्या फळीवर, कागदांच्या पिशवीत. सापडला ना?"

"सापडला."

"फोन ठेवला आणि किटली लावली. किती ताणायचं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. आईने सुई पुन्हा हातात घेतली, पण ओवली नाही. ताईला सांगून ठेवलेलं त्याला आठवलं आणि त्याने ते कसंबसं सांगितलं. रविवार, गाडी, खोली. आईने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली की हे तू तिला मला न विचारता सांगितलंस, तर आता मला विचारून परत सांग: आई ठणठणीत आहे आणि कुठेही जाणार नाही. गाडी घेऊन यायचं तर येऊ दे, दोन दिवस राहील, मला बरंच वाटेल. त्याने तिथूनच फोन केला. ताईने त्याला दोन चांगले शब्द ऐकवले, ते त्याने गपगुमान ऐकले. धाकट्याला खोली मिळणार होती. ह्यात कुणाचं काही बिघडलं नाही, असं हिशेबाने म्हणता आलं असतं.

"आता तू ती किटली लावू नकोस," फोन ठेवून तो म्हणाला.

"मग तुला कळणार कसं?"

"मी फोन करीन."

"रोज?" आईने विचारलं.

टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. हो म्हणायला तोंड उघडून तो थांबला. त्याला स्वतःची माहिती होती. गेल्या तीन वर्षांतल्या त्याच्या फोनांची टेकडी सोडाच, उंचवटासुद्धा झाला नसता. पहिला आठवडा रोज, मग एक दिवस बैठक, मग एक दिवस डोकं दुखेल, हे त्याला आताच दिसत होतं, आणि आईसमोर बसून अंदाज ठोकून द्यायला आज जीभ वळेना. थांबायचं तेवढ्यापेक्षा तो जास्त थांबला. आईने ते पाहिलं. कुणाची अडचण फार वेळ बघत बसणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "राहू दे किटली. मला काय, बटणच तर दाबायचं." ती उठली, आत गेली, नळाखाली किटली धरून तिने उद्याचं पाणी भरलं, बाहेरून ओली झाली होती ती पुसली आणि जागेवर ठेवली. तो दारात येऊन उभा राहिला होता.

"फक्त एखाद्या दिवशी नाही लागली," पाठमोरीच आई म्हणाली, "तर तेवढं विचारत जा."